रशियन पार्टी हसतच नाही, या लोकांचं डोकं नेमकं कसं चालतं?

द्राक्षवाला_पलूस

नमस्कार मंडळी. पयल्यांदाच धागा काढतोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

पलूसजवळ आमची अडीच एकर द्राक्षबाग हाय, थॉमसन आणि थोडी काळी. चार वर्षं एक्स्पोर्टचा माल करतोय, आधी एजंटमार्फत युरोपला जायचा, त्यात एजंटच गबर झाला आणि आम्ही रेसिड्यूचे, म्हंजे फवारणीच्या औषधाच्या अंशाचे, रिपोर्ट काढून काढून दमलो. आता आम्ही आठ-दहा शेतकरी मिळून रशियाची एक पार्टी, म्हंजे खरेदीदार, डायरेक्ट धरलीय. इंग्रजीचं माझी भाची बघती, ती पुण्याला आयटीत हाय.

तर इषय असा की तो माणूस व्हिडिओ कॉलवर हसतच नाही. म्हंजे अजिबात नाही. आपण 'गुड मॉर्निंग सर, हाऊ आर यू' करून बत्तीशी दाखवतो आणि तो असा बघतो की जणू आपण त्याची म्हैस सोडून आणलीय. काय बी विचारा, पहिलं उत्तर 'नो'. रेट सांगितला नो, तारीख सांगितली नो, पेटीचं वजन सांगितलं तरी नो. कॉल संपला की आम्ही म्हणायचं, गेली ऑर्डर. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका ओळीचा मेल, सॅम्पल पाठवा. ना नमस्कार ना धन्यवाद. आता याला राग म्हणायचं का होकार म्हणायचं?

आता तो फेब्रुवारीत स्वतः प्लॉट बघायला येणार हाय, दोन दिवस सांगलीत मुक्काम. तात्या म्हणतात हार घालू, दारात हलगी लावू. धाकटा भाऊ म्हणतो हलगी बिलगी काय नको, रशियन हाय, दारूचे दोन खंबे आणून ठेव, काम झालं समज. मला दोन्ही पटंना. यूट्यूबवर बघितलं तर एकजण सांगतो रशियन म्हंजे दगड, दुसरा सांगतो असली जीव लावणारी माणसं जगात नाहीत. दोन्ही कसं खरं असंल? कुणी तिकडं राहून आलं असंल तर सांगा, लय उपकार होतील.

कराडची_डॉक्टर

दादा, मी तिकडे सहा वर्षं काढलीत, एमबीबीएसला, व्होल्गाकाठच्या एका शहरात. पहिली गोष्ट, तो रागावलेला नाहीये. त्यांच्यात अनोळखी माणसाकडे बघून हसणं म्हणजे एकतर तुम्ही खोटं वागताय नाहीतर डोक्यात फरक आहे. म्हणच आहे त्यांची, 'स्म्येख बेस प्रिचीनी, प्रीझ्नाक दुराचीनी', म्हणजे कारण नसताना हसणं हे येडपटाचं लक्षण. आपली आजी पण म्हणायचीच की, काय दात काढतीस गं उगाच. फरक एवढाच की आपण ते पोरींना सांगतो, ते दुकानदाराला, नर्सला, पोलिसाला, सगळ्यांना लावतात. हसू हे ओळखीच्या माणसासाठी राखून ठेवलेलं असतं, त्यामुळे जेव्हा हसतात तेव्हा ते खरं असतं.

आमच्या हॉस्टेलच्या दाराशी एक म्हातारी बसायची, वाख्त्योर्शा म्हणतात अशा बाईला, आपल्याकडच्या वॉचमन आणि वॉर्डनच्या मधलं काहीतरी, पण अधिकार कलेक्टरचा. पहिले तीन महिने मी तिला एवढी घाबरायचे की विचारू नका. दारातून बाहेर पडले की ओरडायची, 'ग्द्ये शापका!' मला वाटायचं आयकार्ड मागतीये. मी रोज आयकार्ड दाखवायचे आणि ती अजून चिडायची. नंतर सीनियरने सांगितलं की अगं ती विचारतीये टोपी कुठाय, उणे वीस तापमानात बोडक्यानं काय फिरतीस. डिसेंबरात मला ताप भरला, मेस बंद, रूममेट गावाला गेलेली. रात्री दहाला दार वाजलं, बघते तर ही बाई, हातात काचेची बरणी. रास्पबेरीचा मुरांबा होता, घरी केलेला. गरम चहात दोन चमचे कालवला, मी संपवेपर्यंत पलंगाच्या कडेला बसली, चेहरा तसाच, कुणाचा तरी पंचनामा करायला आल्यासारखा. जाताना काय म्हणाली माहितीये? तेच, टोपी.

एक कामाची गोष्ट. त्याला नुसत्या पहिल्या नावाने हाक मारू नका आणि मिस्टर अमुक पण नको. त्यांच्यात मान द्यायचा म्हणजे स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव जोडून म्हणतात. वडील इवान असतील तर इवानोविच, बाई असेल तर इवानोवना. आपल्यासारखंच आहे की, नाव, वडलांचं नाव, आडनाव. 'तू'ला 'ती' आणि 'तुम्ही'ला 'वी' म्हणतात, आणि तो स्वतःहून एकेरीवर येत नाही तोवर आपण यायचं नाही. फुलं दिलीत तर विषम संख्येत द्या, सम संख्या मयताला.

विट्याचा_वेल्डर

भावा मी रशियाला गेलो न्हाई पण रशियाच माझ्याकडं आलेला. तमिळनाडूत कुडनकुलमला अणुभट्टीच्या कामावर होतो कॉन्ट्रॅक्टरकडं, तिथं दोन्ही पहिल्या युनिटला रशियन इंजिनियर हुते. विट्याची माणसं गलाईला, म्हंजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, भारतभर जात्यात, मी एकटाच वेल्डिंगला गेलो, असू दे.

त्यांचं 'न्येत' म्हंजे नाही न्हवं. न्येत म्हंजे थांब, मला कागद बघू दे. आमचा एक म्हातारा इन्स्पेक्टर हुता, जॉइंट दाखवला की बघायच्या आधी न्येत. मग बॅटरी घ्यायचा, आरसा घ्यायचा, खाली झोपून बघायचा, अर्धा तास. आणि मग 'नर्माल्ना'. हे नर्माल्ना म्हंजे त्यांच्यातलं शंभरपैकी पंच्याण्णव. आपल्याकडं कसं विचारलं की 'काय कसं काय' तर 'चाललंय' म्हणत्यात, तसंच. भारी, एक नंबर, असलं कायच न्हाई. मी सुरवातीला हिरमुसायचो, आयला एवढा जॉइंट मारला आणि नुसतं नॉर्मल?

दुसरं, शिक्का. गोल शिक्का नसंल तर तो कागद त्यांच्या लेखी कागदच नव्हता. बोलणं झालं की प्रोटोकोल करायचा, म्हंजे काय ठरलं ते लिवून दोघांच्या सह्या. त्यो विश्वास नाही म्हणून करतो असं वाटून घिऊ नका. त्यांची म्हण हाय, विश्वास ठेव पण तपासून बघ. तुमच्या ग्रुपचा शिक्का करून ठिवा, गोल, निळ्या शाईचा, दीडशे रुपयात हुतोय.

तिसरं, खरं बोलणं मीटिंगमधी न्हाई, बाहेर सिगरेट वढायला जात्यात तवा. त्याला त्यांचा येगळा शब्दच हाय, पिरेकूर. मीटिंगला एक तास जे जमलं न्हाई ते शेडच्या मागं पाच मिनटात जमायचं. मी बिडी बी वढत न्हाई पण नुसता जाऊन हुभा राह्यचो.

धाकट्या भावाला सांगा, दारूचा एवढा बाऊ नको. पिणारा असंल तर आपली आपण मागंल. आणि प्यायला बसलाच तर मोकळी बाटली टेबलावर ठिवायची न्हाई, खाली ठिवायची, अपशकून हाय. आणि प्रत्येक ग्लासाला कायतरी बोलावं लागतंय, ते तात्यांना जमंल.

मिरजेचे_आजोबा

वरच्या दोघांनी वागायचं कसं ते छान सांगितलं, मी त्यामागचं थोडं सांगतो. माझी पिढी रशियाच्या पुस्तकांवर वाढली. मिरजेत दोन-तीन रुपयांत जाड पुठ्ठ्याचं मराठी पुस्तक मिळायचं, मॉस्कोत छापलेलं, आणि त्यांच्या मासिकाची गुळगुळीत पानं सगळ्या गल्लीच्या वह्यांना कव्हर म्हणून. आपल्याच जिल्ह्यातले वाटेगावचे अण्णाभाऊ साठे 1961 साली तिकडं जाऊन आले आणि सप्टेंबर 2022 मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला, हे पाहुण्याला जरूर सांगा. वाळवा तालुका त्याला नकाशावर दाखवा.

आता मुद्दा. हा माणूस सरकारी कागदाला घाबरतो, बँकेला घाबरतो आणि अनोळख्याला जपून असतो, याला कारणं आहेत. 1861 पर्यंत तिथले कोट्यवधी शेतकरी भूदास होते, जमिनीबरोबर विकले जायचे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं गेली. लेनिनग्राडला वेढा पडला तो 872 दिवस. 1941 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कामगार सोडून बाकीच्यांना, पोराबाळांना सुद्धा, दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळायचा, आणि त्यातही भुसा-बिसा मिसळलेला. 125 ग्रॅम म्हणजे किती ते एकदा घरच्या काट्यावर ठेवून बघा. मी बघितलंय, एक भाकरी सुद्धा होत नाही. म्हणून त्यांच्या घरात पाव टाकून देणं हे अजून पाप आहे. ताटात भाकरी उरली तर तो टाकू देणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

मग 1991 ला देशच मोडला. 2 जानेवारी 1992 ला सरकारनं किमती मोकळ्या सोडल्या आणि म्हातारीकोतारींनी जन्मभर बचत बँकेत ठेवलेल्या पैशाचं वर्षभरात काहीच उरलं नाही. पुन्हा जरा सावरतायत तोवर ऑगस्ट 1998 ला सरकारनंच कर्ज बुडवलं, रूबल कोसळला. आज जो पन्नाशीचा आहे त्यानं ही दोन्ही तडाखे आईबापाच्या चेहऱ्यावर बघितलेत. मग तो कशावर विसंबणार? ओळखीवर. ब्लात म्हणतात त्याला, आपला वशिला, पण आपल्यापेक्षा जरा जास्त मायेचा. तुमचा सळई-सिमेंटवाला दोस्त आणि माझा डॉक्टर मेव्हणा, असं ते जाळं.

आणि दाचा. शहरातल्या माणसाला गावाबाहेर जमिनीचा तुकडा, ठरलेलं माप सहा सोत्का. एक सोत्का म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे आपला एक गुंठाच की हो. सहा गुंठ्यांत बटाटे, काकड्या, सफरचंदाची चार झाडं, आणि एक लाकडी खोपटं. पगार थकले तेव्हा कित्येक घरं या सहा गुंठ्यांवर जगली. त्यामुळं डॉक्टर असो नाहीतर इंजिनियर, मातीत हात घालायला लाजत नाही. पाहुण्याला हॉटेलात बसवू नका, बागेत न्या.

शंकासुर_सातारा

सगळं वाचलं, मजा आली, आता थोडं विरजण घालतो.

अकरा टाइम झोन असलेला देश, एकशे नव्वदहून जास्त जातीजमाती, आणि आपण ठरवतोय 'रशियन माणूस असा असतो'. अहो साताऱ्याचा माणूस आणि सांगलीचा माणूस एका स्वभावाचा आहे का? भडंग आणि कंदी पेढा यात जेवढा फरक तेवढा आहे. काल्मीकियात बुद्धविहार आहेत, काझानमध्ये क्रेमलिनच्या, म्हणजे तिथल्या किल्ल्याच्या, आतच मशीद आहे. त्यांच्या भाषेत तर दोन वेगळे शब्द आहेत, वंशानं रशियन तो रूस्की आणि त्या देशाचा नागरिक तो रोस्सियानिन. आपण दोघांनाही रशियन म्हणून मोकळे.

ते रशियन आत्मा वगैरे जे आहे ना, गूढ, खोल, दुःखी, ते निम्मं कादंबऱ्यांनी केलंय आणि निम्मं बाहेरच्यांनी. मॉस्कोतला पंचवीस वर्षांचा पोरगा कॉफीशॉपात तुमच्या पुण्यातल्या भाचीएवढाच हसतो.

आणि आजोबा, तुमचा इतिहास बरोबर आहे पण सगळं दुःखावर ढकलू नका. पोलंडनं पण युद्धात भयंकर सोसलं, म्हणून पोलिश माणूस आणि रशियन माणूस एक झाला का?

पलूसकर, दोन गोष्टी व्यवहाराच्या. एक, फेब्रुवारी 2022 पासूनच्या युद्धाचा विषय जेवताना काढू नका, ना बाजूनं ना विरोधात. तिकडं त्यावर तोंड उघडलं की खटला होऊ शकतो, आणि कुणाचा भाऊ कुठं आहे आपल्याला माहीत नसतं. दोन, पेमेंटला उशीर झाला तर लगेच 'फसवलं' म्हणून ओरडू नका. मार्च 2022 मध्ये त्यांच्या काही मोठ्या बँका स्विफ्टमधून, म्हणजे देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या व्यवस्थेतून, बाहेर काढल्या, पैसे फिरून फिरून येतात. पण म्हणून उधारीवर कंटेनर पण सोडू नका. आणि 1 ते 8 जानेवारी सगळं बंद असतं, मेल करून बीपी वाढवून घेऊ नका.

जाता जाता, हसण्याचं एवढं काय घेऊन बसलात? तुमच्या तात्यांचा लग्नातला फोटो काढून बघा.

द्राक्षवाला_पलूस

शंकासुर, फोटो बघितला 😂 तात्या असं उभारलेत की जणू मागं पोलिस हाय.

सगळ्यांचे आभार. हलगी रद्द केली. शिक्का करायला टाकलाय, दीडशेला न्हाई झाला, अडीचशे घेतले. येऊन गेला की सांगतो.

कराडची_डॉक्टर

एक राहिलं. 'ऑल द बेस्ट' सारखं काहीतरी म्हणायची वेळ आली तर जपून. मला पहिल्या तोंडी परीक्षेआधी मैत्रीण म्हणाली 'नी पूखा नी पिरा', म्हणजे ना पीस मिळो ना पंख. मी गोड हसून थँक्यू म्हणाले. ती पांढरीफटक! त्यावर 'क चोर्तू', म्हणजे जा सैतानाकडे, असंच म्हणायचं असतं, नाहीतर दृष्ट लागते. पुढचे पाच वर्षं मी प्रत्येक परीक्षेला माझ्या जिवलग मैत्रिणीला सैतानाकडे पाठवलं आणि प्रत्येक वेळी पास झाले.

द्राक्षवाला_पलूस

मंडळी, पाहुणा येऊन गेला. उशीर झाला लिवायला, हार्वेस्टिंग सुरू होतं, रात्री पॅकहाऊसवरच झोपायचो.

तर पहिलाच दणका. माणूस रशियन न्हाईच! म्हंजे देश रशियाच पण तो तातार निघाला, काझानचा, मुसलमान, आणि दारूला शिवत सुद्धा न्हाई. नाव रुस्तम इल्दारोविच. मेलच्या खाली हे नाव वर्षभर येत हुतं की, आम्हीच सगळे 'रशियन काय म्हणतोय, रशियन काय म्हणतोय' करत बसलो. शंकासुर, तुम्हाला एक पेटी लागू. धाकट्याचे दोन खंबे कपाटात तसेच हायत, त्याला लय वाईट वाटलं. मटणाचं टेन्शन आलेलं, पण आमचा खाटीक मुसलमानच, त्यामुळं ते आपोआप मिटलं. पांढरा रस्सा दोन वाट्या प्याला, तांबड्याकडं नुसतं बघितलं.

बाकी तुम्ही सांगितलेलं निम्मं जुळलं. हसला न्हाई. दारात स्वतःच बूट काढले आणि घरात घालायला चप्पल शोधायला लागला, मी माझी बाथरूमची दिली. बागेत गेल्यावर घडाकडं बघायच्या आधी 'नो'. मग खिशातनं स्वतःचा ब्रिक्स मीटर, गोडी मोजायचा, काढला, एकेका ओळीत वरचा मणी, मधला मणी, खालचा मणी, दोन तास. शेवटी नर्माल्ना! विट्याचे दादा, त्या शब्दाला मी एवढ्या जोरात टाळी वाजवली की तो दचकला.

आजोबा, तुमचे सहा गुंठे लय कामाला आले. घरामागं आईनं वांगी, मेथी, गवार लावलीय, तिथं जाऊन बसलाच तो. भाचीनं विचारलं दाचा हाय का, तर मोबाईल काढून अर्धा तास आईचे बटाटे दाखवले. बटाट्याचे फोटो, वेगवेगळ्या बाजूनं. आणि येताना त्यानं एक डबा आणलेला, चाक-चाक म्हणत्यात, तळलेल्या पिठाच्या कांड्या मधात घोळून ढीग लावलेला. तात्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, आरं ही तर जत्रंतली गुडीशेव.

मी त्याला पहिल्या दिवसापासनं रुस्तम इल्दारोविच म्हणत हुतो. तेव्हा त्यानं तात्यांच्या वडलांचं नाव विचारलं. तात्यांचं नाव मारुती, आज्जाचं ज्ञानू. झालं, तिथनं पुढं दोन दिवस 'मारुती ज्ञानूविच, मारुती ज्ञानूविच'. आता गल्लीतली पोरं बी तेच म्हणायला लागलीत, तात्या वरनं चिडत्यात.

निघताना गाडी दारात, सामान आत टाकलं, आणि हा माणूस परत घरात येऊन खाली बसला. गप्प. कुणाकडं बघंना. तात्यांना वाटलं चक्कर आली, ते पाणी आणायला पळाले, आईनं कांदा फोडला. भाचीनं विचारल्यावर कळलं, लांबच्या प्रवासाला निघताना सगळ्यांनी मिनिटभर गप बसायचं असतंय. मग आम्ही बी बसलो, सात माणसं, एक मिनिट, बाहेर ड्रायव्हर हॉर्न मारतोय.

एक कंटेनर ठरलाय, प्रोटोकोल केला, दोघांचे शिक्के. त्याचा चौकोनी निघाला, आमचा गोल बघून म्हणाला तुमचा चांगला हाय. शेवटी सगळ्यांचा फोटो काढला, त्यात तो आणि तात्या शेजारी उभे हायत, भाची म्हणती दोघं तलाठ्याकडं तक्रार घेऊन आल्यासारखे दिसतायत.

शंकासुर_सातारा

पेटी कधी येतीये ते सांगा. आणि रेट काय बसला?

द्राक्षवाला_पलूस

पेटी उद्या साताऱ्याच्या एसटीत टाकतो, स्टँडवर येऊन घ्या. रेट फोनवर.